फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सची तयारी – सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी बरीच वर्षं स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे. आता क्षेत्र बदलून फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या (गणित आणि कोड वापरून आर्थिक व्यवहारांची किंमत आणि जोखीम काढायचं शास्त्र) मास्टर्सला, म्हणजे एमएफईला, अर्ज करायचं पक्कं केलंय. सध्या स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचे (यादृच्छिक बदलांचं कॅल्क्युलस) व्हिडिओ बघतोय, एका ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेटही पदरात पडलंय. पण डिग्रीला गणित होतं ते पहिल्या दोन वर्षांतच, आणि त्यातले मार्क मिरवण्यासारखे नाहीत. या मेलिंग यादीवर या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगाल का, अर्जाआधी नेमकं काय करावं? जुना अनुभव ठळकपणे लिहावा की दोन ओळींत उरकावा?

– नि.

---

नि.,

माहीतगार मंडळी लिहितीलच, मी आधी एक शंका काढतो. एमएफई म्हणजे एमबीए नव्हे. कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे, कोणता शेअर घ्यावा ते ठरवायचं, ही हौस असेल तर सीएफए ही गुंतवणूक विश्लेषकांची परीक्षा बघ, नोकरी सांभाळून होतं. एमएफईला सकाळ-संध्याकाळ प्रोबॅबिलिटी आणि कोड. शिवाय फीचा आकडा आधी बघ, मग स्वप्नं.

– वि. काका

---

काकांचा मुद्दा रास्त आहे, पण नि.ला गणित आणि कोडच हवाय असं दिसतंय, म्हणून पुढचं लिहिते. मी बँकेत मॉडेल व्हॅलिडेशनमध्ये आहे, म्हणजे इतरांनी बनवलेली गणिती मॉडेल्स तपासते, नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घेते. (अरेतुरे करतेय, चालेल ना?)

स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस आत्ता बाजूला ठेव. ते तिथे शिकवतातच, फी त्याचीच तर घेतात. अर्ज वाचणारे पाया बघतात: मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर उभी असलेली प्रोबॅबिलिटी. इंजिनिअरकडे पहिले तीन बहुधा असतात, चौथ्याची बोंब असते. तेव्हा प्रोबॅबिलिटी एखाद्या विद्यापीठातून रीतसर क्रेडिट घेऊन कर. परीक्षा, ग्रेड, ट्रान्सक्रिप्ट, सगळं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं नेटमॅथ (ऑनलाइन गणिताचे कोर्स) किंवा बर्कली विद्यापीठाचं एक्स्टेन्शन (बाहेरच्यांसाठीचे कोर्स) नोकरी करणाऱ्यांना सोयीचं पडतं, कोणता विषय कुठे मिळतो ते बघून घे. सर्टिफिकेटवरून तुझी आवड कळते, पण जुने मार्क त्याने झाकले जात नाहीत. ताजी ए ग्रेड असेल तर ते नजरेआड करायला समितीला निमित्त मिळतं.

प्रोबॅबिलिटीवर एवढा जोर का, ते एका प्रश्नावरून बघ. फासा टाकायचा, जो आकडा पडेल तितके पैसे तुझे. आकडा पसंत नसेल तर एकदाच पुन्हा टाकता येईल. या खेळाची किंमत किती? एका फाशाची सरासरी 3.5. म्हणजे 4, 5, 6 आले तर थांबायचं, नाहीतर पुन्हा टाकायचा. थांबलास तर सरासरी 5, पुन्हा टाकलास तर 3.5, दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी, म्हणून 4.25. आता तीनदा टाकायची मुभा दिली तर? पहिल्या खेपेला 4 आला तरी सोडून द्यायचा, कारण उरलेल्या दोन संधींचीच किंमत 4.25 आहे. उत्तर 14/3, साधारण 4.67. शेवटाकडून मागे येत हिशेब करायचा, बस. अमेरिकन ऑप्शनची (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करायचा हक्क, मुदतीपर्यंत कधीही वापरता येणारा) किंमत बायनॉमियल ट्रीवर, म्हणजे भाव दर पायरीला वर किंवा खाली जातो अशा आकृतीवर, अशीच काढतात. असे प्रश्न विचारल्यावर सूत्र आठवत बसणारी मुलं अडकतात. मोठ्याने विचार करत पुढे सरकणारी सहसा अडकत नाहीत.

जुना अनुभव उरकू नकोस! ऑप्शनची किंमत काढायचं 1973 चं ब्लॅक-शोल्स समीकरण चलं बदलून मांडलं की उष्णतावहनाचं समीकरण होतं, ते तू कॉलेजात सोडवलंयस. अशी समीकरणं संगणकावर सोडवायला ऑप्शनसाठी वापरतात ती क्रँक-निकोल्सन पद्धतही मुळात उष्णतेच्याच प्रश्नांसाठी 1947 मध्ये मांडली गेली. पुलाचं मॉडेल करताना मेश (मॉडेलची जाळी) बारीक केल्यावर उत्तर स्थिरावतंय का, हे तू तपासतोसच ना? आमच्याकडेही तेच काम. 2011 मध्ये फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मॉडेल रिस्कबद्दल (मॉडेल चुकल्याने येणारी जोखीम) सूचना काढल्या, त्यात मॉडेल बनवणाऱ्यापासून स्वतंत्र असलेल्या माणसाने ते तपासावं यावर भर होता. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, हा धागा पकड. ‘लहानपणापासून शेअर बाजाराची ओढ’ छापाची सुरुवात मात्र नको, वाचणाऱ्यांना ती पाठ झालीय.

बाकीचं भराभर. पायथन हवंच, सी प्लस प्लस निदान वाचता यावं. एक छोटा प्रकल्प कर: मॉन्टे कार्लोने (यादृच्छिक नमुने घेऊन सरासरी काढायची पद्धत) युरोपियन कॉलची, म्हणजे मुदतीच्या दिवशीच वापरता येणाऱ्या खरेदीच्या हक्काची, किंमत काढ, ब्लॅक-शोल्सच्या उत्तराशी ताडून बघ, नमुने चौपट केल्यावर चूक निम्मी होते का ते आलेखात दाखव. जीआरई या प्रवेश परीक्षेचा स्कोअर पाच वर्षंच चालतो, जुना असेल तर पुन्हा बस, क्वांटमध्ये (गणिताच्या भागात) 170 च्या जवळ हवा.

अमेरिकेतली कॉलेजं एका मापाची नाहीत. कार्नेगी मेलनचा कोर्स सोळा महिन्यांचा, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. बर्कलीचा वर्षभरात आटोपतो आणि वसंतात सुरू होतो. बारूक कॉलेज न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठातलं, त्यामुळे फी तुलनेने हलकी. प्रवेश मात्र हलका समजू नकोस.

– मे.

---

मे. ताई, फाशावरच दुपार गेली! एक राहिलं: कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, शिफारसपत्रं कुणाची घेऊ? प्राध्यापक आता ओळखतील असं वाटत नाही.

– नि.

---

एक पत्र प्रोबॅबिलिटी शिकवणाऱ्यांकडून. म्हणून तर कोर्स लवकर लाव, अर्जाच्या तारखांआधी ग्रेड हातात यायला हवी आणि त्यांना तू माहीतही असायला हवास. प्रश्न विचार, ऑफिस अवर्सना जा. दुसरं तुझं काम रोज बघणाऱ्या वरिष्ठाकडून. ‘मेहनती आणि सुस्वभावी’ एवढंच त्यात असेल तर फुकट. तू कोणतं गणित केलंस, कोणता कोड लिहिलास, कोणती चूक पकडलीस, हे त्यांनी लिहावं, आणि ते मुद्दे तूच त्यांना काढून दे. मोठ्या हुद्द्याच्या पण तुला न ओळखणाऱ्या साहेबाच्या मागे लागू नकोस.

एसओपीचा कच्चा मसुदा झाला की मला थेट पाठव, यादीवर नको.

– मे.