मदत हवी आहे: उत्तर व्हर्जिनियात आईला वसंतातली रानफुलं दाखवायची आहेत (आणि हा सापकांदाच का?)

नमस्कार मंडळी,

आम्ही सेंटरव्हिलजवळ राहतो. आई ८ एप्रिलला वाईहून येतेय, जूनअखेरपर्यंत आहे. मागच्या खेपेला एप्रिल संपता संपता तिला बुल रन पार्कात ब्लूबेल्स (निळी रानफुलं) बघायला नेलं, तर बहर ओसरून गेलेला. पिवळी पडलेली पानं आणि चिखल. आई काही बोलली नाही, पण मला फार लागलं. मला फुलं बघायला शिकवलं ते तिनेच. पावसाळ्यात पाचगणीला गेलो की प्रत्येक तुऱ्यापाशी थांबवायची, आणि तोडायचं नाही म्हणून आधीच बजावून ठेवायची.

तेव्हापासून थोडं वाचलंय. वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आत जमिनीवर जे ऊन पोचतं, त्यावर ही फुलं आपला सगळा संसार उरकतात. छत धरलं की ब्लूबेल्सची पानंसुद्धा सुकून जातात, जमिनीखाली तेवढा जीव राहतो. म्हणजे आठवडाभर इकडेतिकडे झालं तरी चुकामूक. यंदा मला ती होऊ द्यायची नाही.

काही फुलं आता ओळखता येतात. स्प्रिंग ब्यूटी: पाच पांढऱ्या पाकळ्या, त्यांवर गुलाबी रेघा, गवतासारखी पानं. ट्राउट लिलीच्या पानांवर तपकिरी डाग असतात, पिवळं फूल खाली मान घालून. आणि डचमन्स ब्रीचेस! दोरीवर उलटे वाळत घातलेले इवलेसे पांढरे लेंगे. ही आईला दाखवायचीच आहेत.

अडलंय ते इथे:

गेल्या वेळी वाटेच्या कडेला वीतभर उंचीचं एक झाड दिसलं. तीन-तीन पात्यांची पानं, मधे हिरवी नळी, तिच्यावर पुढे वाकलेलं झाकण आणि आतून जांभळट पट्टे. आई बघताक्षणी म्हणाली, "अगं, हा तर सापकांदा!" इतक्या लांब सापकांदा कसा येईल? पण तिची नजर सहसा चुकत नाही.

दुसरं, ओढ्याकाठी चकचकीत पिवळ्या फुलांचा गालिचा पसरला होता, पानं बदामाच्या आकाराची. ते काय?

आणि ट्रिलियम (तीन पाकळ्यांचं रानफूल) कुठे बघावं? आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, चढ नको.

प्रतिसाद

ताई, तुमच्या आईंची नजर पक्की आहे. ते जॅक-इन-द-पल्पिट, म्हणजे अरिसिमा. सह्याद्रीतला सापकांदाही अरिसिमाच, अळूच्या कुळातला. आपल्याकडच्याला पांढरा फणा आणि छत्रीसारखं अनेक पात्यांचं पान, इथल्याला तीन पाती. पण नातं सख्खं. या झाडाची गंमत म्हणजे कंदात साठा कमी असेल त्या वर्षी नरफूल येतं, भरपूर असेल तर मादीफूल. कंद कच्चा भयंकर खाजतो, मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा.

पिवळा गालिचा लेसर सेलँडाइनचा असणार. युरोपातून बागांसाठी आणलेलं झाड, आता नदीकाठच्या रानात माजलंय. स्प्रिंग ब्यूटी, ट्राउट लिली यांच्याआधी उगवतं आणि त्यांची जागा खाऊन टाकतं. दिसायला गोड, पण मला ते बघवत नाही.

ब्लूबेल्ससाठी आई आल्या की पहिल्याच शनिवार-रविवारी जा, प्रवासाचा शीण उतरायची वाट बघू नका. कळ्या गुलाबी आणि उमललेली फुलं निळी, असे दोन्ही रंग एकाच घोसात दिसले की वेळ साधली. तिथली वाट सपाट आहे. मात्र ऊन हवं, स्प्रिंग ब्यूटी ढगाळ हवेत मिटलेली असते.

ट्रिलियमसाठी लिंडनजवळचं थॉम्पसन वन्यजीव क्षेत्र. उंचावर असल्याने बहर उशिरा, एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा. प्रवेशाचा परवाना आधी काढून ठेवा. वाट खडकाळ आहे, पण वरच्या पार्किंगपासून थोडं आत गेलं तरी फुलं दिसतात. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गोचीड तपासा. इथल्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो, यात हयगय नको.

धागाकर्ती

मनापासून आभार! आईला फोनवर वाचून दाखवलं. खाजरा कंद ऐकल्यावर म्हणाली, "बघ, सांगितलं नव्हतं?" ११ आणि १२ तारीख धरून ठेवल्यात. एक राहिलं: पाऊस पडून गेल्यावर बुल रनची वाट किती दिवसांनी चालण्याजोगी होते? तिच्यासाठी गमबूट आणून ठेवू का?