कॉर्नवॉल: मिरवणुका काढून भाषा जगते का?

पेन्झान्सकर
इंग्लंडच्या नकाशात डावीकडे खाली समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं ते कॉर्नवॉल, आणि मी इथे सात वर्षं राहतोय. इथली स्वतःची भाषा आहे, कर्नेवेक, ती इंग्रजीची बोली वगैरे नाही, वेल्शची आणि फ्रान्समधल्या ब्रेटनची बहीण. परवा लेकीच्या शाळेतून निरोप आला की 5 मार्चला कॉर्नवॉलचा पालक संत सेंट पिरन ह्याचा दिवस आहे, काळ्यावर पांढरा क्रॉस असलेला झेंडा रंगवून पाठवा. आम्ही हौसेने रंगवला. पण रंगवताना मी तिला विचारलं की कर्नेवेकमध्ये तुला काय काय येतं, तर 'दिद् दा' म्हणजे नमस्कार आणि 'मर रास' म्हणजे आभार, बस. मागच्या वर्षी पण हेच दोन शब्द होते, त्याच्या मागच्या वर्षी पण.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. पेरनपोर्थला वाळूच्या टेकड्यांवरून शेकडो लोक झेंडे घेऊन चालत जातात, जूनमध्ये आमच्या पेन्झान्सला गोलोवनचा उत्सव, मे महिन्यात हेल्स्टनला सगळं गाव रस्त्यावर नाचतं, डिसेंबरात मॉन्टोलचा. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण 2011 च्या जनगणनेत कर्नेवेक ही आपली मुख्य भाषा असं लिहिणारे किती, तर 557. एवढ्या मिरवणुका आणि बोलणारे एवढे?

इथून जवळच माउझल म्हणून कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या विल्यम बोडिनार नावाच्या मच्छीमाराने 1776 साली एक पत्र लिहिलं होतं, कर्नेवेकमध्ये आणि खाली इंग्रजीत. त्यात तो सांगतो की लहानपणी मी बापाबरोबर होडीवर जायचो, होडीत अजून पाच माणसं, आणि आठवडा आठवडा इंग्रजीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. म्हणजे ही भाषा तो शिकला ती जाळं ओढता ओढता, म्हाताऱ्यांच्या शिव्या खात. माझं म्हणणं एवढंच आहे, की सणांवर जो वेळ, पैसा आणि उत्साह जातो तो शाळेत रोजच्या तासाला आणि कामाच्या जागी जायला हवा, नाहीतर आपण एका गेलेल्या भाषेचं वर्षश्राद्ध घालतोय आणि त्याला उत्सव म्हणतोय. चुकत असेन तर सांगा.

ट्रुरोची_मैना
दादा, वर्षश्राद्ध हा शब्द फार लागला मला. मी तीन वर्षं ही भाषा शिकतेय, दुसरी परीक्षा झाली, म्हणून बोलते.

तुम्ही बोडिनारचं पत्र अर्धंच सांगितलंत. त्याच पत्रात तो म्हणतो की आता गावात ही भाषा बोलू शकणारी चार-पाच माणसंच उरलीत, आणि तीही म्हातारी. म्हणजे होडी होती, काम होतं, तरी भाषा गेलीच ना? त्याच गावची डॉली पेंट्रीथ 1777 च्या डिसेंबरमध्ये वारली, तिला शेवटची बोलणारी म्हणतात (त्यावर वाद आहेत, तिच्यानंतरही थोडंफार येणारे होते). मग 1904 मध्ये हेन्री जेनरने कर्नेवेकचं हँडबुक काढलं. 1920 ला सेंट आइव्हजमध्ये पहिली ओल्ड कॉर्नवॉल सोसायटी निघाली, त्यांचं ब्रीदच असं की उरलेसुरले तुकडे गोळा करा म्हणजे काही हरवायचं नाही. 1928 ला गोर्सेद सुरू झाला, म्हणजे निळ्या डगल्यातल्या बार्ड (मानाची पदवी मिळालेल्या) मंडळींचा मेळावा. ही सगळी हौशी माणसं होती, सण करणारी, डगले घालणारी. त्यांना लोक हसले असतीलच. पण आज मी जे व्याकरण घोकतेय ते त्यांनी टिकवलेल्या तुकड्यांतून आलंय, कुठल्या होडीतून नाही आलेलं.

आणि तुम्ही 23 जूनच्या होळ्या बघितल्यात का कधी? सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री एका टेकडीवर पेटते, ती दिसली की पुढच्या टेकडीवर, अशी लँड्स एंडजवळच्या चॅपल कार्न ब्रेपासून किट हिलकडे साखळी जाते. ही प्रथा बंद पडली होती, सोसायट्यांनी 1929 ला परत चालू केली. एक बाई औषधी आणि विषारी पाल्याफुलांची जुडी आगीत टाकते आणि म्हणायचे शब्द कर्नेवेकमध्ये असतात. मी पहिल्यांदा ही भाषा ऐकली ती तिथे, वाऱ्यात, धुराने डोळे चुरचुरत असताना. वर्गात नाही. त्या रात्री गेले नसते तर आज वर्गात पण नसते.

मडगावचो_भुरगो
मी कॉर्नवॉलला कधी गेलेलो नाही पण हा विषय आमच्या घरातलाच वाटतो. ह्यांच्यात स्पेलिंगवरून केवढी भांडणं झालीत बघा, भाषेचं नाव सुद्धा कोण कर्नेवेक लिहितो, कोण कर्नोवेक, कोण कर्नुअक. एक गट मध्ययुगीन नाटकांची भाषा खरी मानणारा, एक शेवटच्या बोलणाऱ्यांची, आणि प्रत्येकाची पुस्तकं वेगळी. 2008 साली कुठे एक सामाईक लेखनपद्धत ठरली, शाळेसाठी आणि सरकारी पाट्यांसाठी. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यात कोंकणी देवनागरीतली धरली आणि रोमी म्हणजे रोमन लिपीत लिहिणारे आजपर्यंत दुखावलेले आहेत, तियात्र नाटकं आणि चर्च सगळं रोमीत. आमच्याकडे बोलणारे लाखोंनी आहेत म्हणून भांडण परवडतं. पाचशे माणसांना नाही परवडत.

म्हणून मला पेन्झान्सकर पटत नाहीत. होळीभोवती उभं राहिलं की स्पेलिंग कोण विचारतो? आगीसमोर सगळे गट एकत्र येतात. शाळेचा तास म्हटला की कमिटी आली आणि भांडण आलं.

कोलार_ते_कोथरूड
माझं बालपण कोलार गोल्ड फील्ड्सला गेलं, वडील खाणीच्या ऑफिसात. 1880 नंतर जॉन टेलर अँड सन्सने त्या खाणी चालवल्या आणि कॉर्नवॉलचे खाणवाले तिकडे मोठ्या संख्येने आले. कॉर्नवॉलमधली कथील आणि तांब्याची खाण बसली की हे लोक जगभर पांगायचे, मेक्सिकोत पाचुकाकडे गेले तिथे आजही पेस्टी (सारण भरून भाजलेली त्यांची करंजी) खातात, स्पॅनिशमध्ये तिला 'पास्ते' म्हणतात. गंमत बघा, ह्यांनी जगभर पेस्टी नेली, मेथडिस्ट चॅपल नेलं, खाणीचं ज्ञान नेलं, भाषा मात्र नेली नाही कारण निघाले तेव्हाच ती बोलण्यातून गेलेली होती. आणि तरी ते स्वतःला कॉर्निशच म्हणत राहिले. 2014 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली तीही भाषा येणाऱ्या मोजक्या जणांपुरती नव्हती. मग भाषेवर एवढा जोर कशाला? वारसा म्हणजे खाण, होडी, नाच, पेस्टी पण आहे ना.

ट्रुरोची_मैना
@कोलार, हे मला अजिबात मान्य नाही. इथल्या प्रत्येक गावाच्या नावात भाषा आहे. 'त्रे' म्हणजे वस्ती, 'पोल' म्हणजे डबकं, 'पेन' म्हणजे टोक. पेन्झान्स म्हणजे पवित्र भूशिर. भाषा काढली तर माणूस स्वतःच्या पत्त्याचा अर्थ न कळता आयुष्य काढतो. पेस्टी मला पण आवडते पण ती कुठल्याही स्टेशनवर मिळते.

पेन्झान्सकर
ताई, शब्द लागला असेल तर माफ करा, राग तुमच्यावर नाही. होळीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी जरा गप्प झालो हे पण खरं. पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. 2016 ला सरकारने कर्नेवेकसाठीचे वर्षाचे दीड लाख पौंड बंद केले, त्या वर्षी झेंडे काही कमी झाले नाहीत, मिरवणूक निघालीच. म्हणजे झेंड्याला पैसा लागत नाही, शिक्षकाला लागतो. आणि मिरवणूक बघून सगळ्यांना वाटतं की चाललंय की छान. मला भीती ह्या 'छान चाललंय' ची आहे.

दुसरं, ज्यावर कोणीच बोललं नाही. ज्या बंदरांवर ही भाषा होती तिथली घरं आता सुट्टीपुरती उघडतात. सेंट आइव्हजच्या लोकांनी 2016 ला मतदान करून नवीन घरं दुसरं घर म्हणून विकायला मनाई केली, एवढी वेळ आली होती. आमच्या गल्लीत नोव्हेंबरात संध्याकाळी चालत गेलं तर मोजून चार खिडक्यांत दिवा असतो. माझ्या लेकीच्या वर्गातली दोन मुलं घरभाडं परवडेना म्हणून गेली, त्यातला एक मुलगा तिला आजीकडून ऐकलेले जुने शब्द सांगायचा. भाषा बोलायला शेजारी लागतो हो. मीही बाहेरचाच, भाड्याने राहतो, तरी सांगतो.

मडगावचो_भुरगो
घरांचं शंभर टक्के बरोबर. आमच्या किनाऱ्यावर पण वेगळं काय चाललंय. ह्यावर सण उत्तर नाही, मान्य.

ट्रुरोची_मैना
घरांचं मला पण मान्य आहे, त्यावर मी तुमच्याबरोबर रस्त्यावर येईन. पण म्हणून सण सोडा हे त्यातून निघत नाही. युनेस्कोने 2010 ला कर्नेवेकपुढचा 'मृत' शिक्का काढून 'अत्यंत धोक्यात' लिहिलं, कारण लोकांनी पत्रं लिहून सांगितलं की अहो आम्ही बोलतोय. ती जाग ह्या सणवाल्या मंडळींचीच.

तुम्हाला होडी हवी ना? आम्ही 'येथ अन् वेरिन' करतो, म्हणजे लोकभाषा, पबमध्ये बसून फक्त कर्नेवेक बोलायचं. कधी दहा माणसं, कधी चार. मी अडखळते, क्रियापद चुकतं, समोरचे निवृत्त गृहस्थ थांबतात, शब्द देतात, परत ऐकतात. तास दीड तास इंग्रजी नाही. लेकीला घेऊन या, तिच्यासाठी लिंबू सरबत मागवू. तिला सरबत कसं मागायचं ते मी शिकवते, म्हणजे तिसरं वाक्य झालं.

पेन्झान्सकर
वार सांगा. ती आत्ताच विचारतेय की तिथे झेंडा आणायचा का.