तीन तासांच्या कुस्तीच्या व्हिडिओतला नेमका डाव लिंकनं कसा पाठवायचा?

तालमीतला
मंडळी जरा मदत पाहिजे. खासबागेतल्या मैदानाचा तीन तासाचा व्हिडिओ यूट्यूबवर हाय, त्यात १ तास ४७ मिनिटं २० सेकंदाला एका पैलवानानं असली ढाक (समोरच्याला पाडायचा डाव) मारलीय की आमच्या तालमीतल्या बारक्या पोरांनी ती बघायलाच पाहिजे. ग्रुपवर लिंक टाकली तर पहिल्यापास्नं सुरू होतंय, पोरं दोन मिनिटं हलगी ऐकत्यात आन् बंद करत्यात. खाली वेळ लिहून बघितली, कोण पुढं ढकलत बसत नाही. लिंक दाबली की थेट तिथनंच सुरू व्हावं असं जमतंय काय? माझ्याकडं फोनच हाय.

पेठेतला
जमतंय की. कॉम्प्युटरवर लय सोपं, व्हिडिओ तिथं थांबवायचा, त्याच्यावरच राइट क्लिक करायचं, आत्ताच्या वेळेची लिंक कॉपी करायचा पर्याय येतो. फोनवर हातानं लिही. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग इंग्रजीतला बारका टी, मग बरोबरचं चिन्ह आणि पुढं सेकंद. तुझं गणित ३६०० अधिक २८२० अधिक २०, म्हणजे ६४४०. मध्ये स्पेस सोडू नको.

तालमीतला
केलं भावा, तरी पहिल्यापास्नंच सुरू होतंय.

राजारामपुरी
दोन ठिकाणी चुकत असणार. ॲपमधून शेअर केलेल्या लिंकमध्ये बहुतेक वेळा एक प्रश्नचिन्ह आधीच असतं, त्याच्या मागं एसआय आणि बरीच अक्षरं असतात. एका लिंकमध्ये प्रश्नचिन्ह एकदाच चालतं, त्यामुळं तुमच्या टीच्या आधी & हे चिन्ह टाका, नाहीतर पहिल्या प्रश्नचिन्हापासनं पुढचं सगळं पुसून मग लिहा. आणि मराठी कीबोर्डवरनं आकडे टाकलेत काय? देवनागरी आकडे तिथं कळत नाहीत, इंग्रजीच पाहिजेत. यूट्यूबच्या कमेंटमध्ये १:४७:२० असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं की त्याची आपोआप लिंक होते, व्हॉट्सॲपवर मात्र ते नुसतं लिहिलेलंच राहतं.

जुना गडी
लिंकचं मला एवढं कळत नाही पण डावाचं सांगतो. ६४४० ला पोरगा नुसता पडताना दिसंल, त्यातनं काय शिकणार? ढाक पडायच्या आधी बघायची असती, मानेवर हात कधी गेला, पाय आत कसा घातला, कंबर कुठं फिरवली. लिंक उघडून नजर बसंपर्यंतच दोन-तीन सेकंद जात्यात. पंधरा सेकंद अलीकडनं लाव.

तालमीतला
आकडे मराठीच पडले होते ओ! & टाकून इंग्रजीत ६४२५ लिहिलं, बरोबर खडाखडीपास्नं (डावाआधी दोघं ताकद अजमावत्यात तिथनं) सुरू झालं. डाव झाला की तिथंच थांबवता येतंय काय?

राजारामपुरी
साध्या लिंकनं नाही. वेबसाइटवर व्हिडिओ बसवताना सुरुवात आणि शेवट दोन्ही देता येतात, व्हॉट्सॲपवर फक्त सुरुवात.

तालमीतला
चालतंय. मेहनत झाली की संध्याकाळी सगळ्यांना आखाड्यातच दाखवतो, आन् लगेच जोड लावून करून घेतो.