सुरतेच्या जहाजांची राखण फिरंग्यांकडे देणं ही चूक होती का?

दर्यावर्दी: सप्टेंबर १६९५. येमेनच्या मोखा बंदरातून हाजी आणि सोनंनाणं घेऊन सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलं. सुरतेच्या मुघल अंमलदाराने इंग्रज वखारवाल्यांना बेड्या ठोकल्या. इथवर ठीक. पण ते सुटले कशावर? 'तुमच्या जहाजांना आमच्या लढाऊ जहाजांची सोबत देतो' या बोलीवर! पुढे विल्यम किडनेही एक जहाज मारलं (याला तर चाचे पकडायलाच पाठवलं होतं), तेव्हा डच, फ्रेंच आणि इंग्रजांनी समुद्र वाटून घेतला. मक्केची वाट डचांकडे, इराणचं आखात फ्रेंचांकडे, दक्षिणेचा समुद्र इंग्रजांकडे. ज्याच्या भाऊबंदाने घर फोडलं तोच राखणदार. मुघलांचा दर्या तेव्हाच गेला.

वखारीचा_हिशेब: मग करायचं काय होतं? मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो, जहाजावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या. म्हणजे पहारा होताच की! आपलीच तोफ फुटली, डोलकाठीला गोळा लागला, कप्तान इब्राहिमखान खाली जाऊन लपला. सुरतेचा व्यापारी अब्दुल गफूर शेटचं जहाज तर त्याच टोळीने आधीच लुटलं होतं. व्यापाऱ्याला माल पोहोचण्याशी मतलब. ज्याला काम जमतं त्याला लावलं.

रेवदंडेकर: जमणारं कोणी नव्हतं? जंजिऱ्याच्या सिद्दीला सुरतेच्या महसुलातून तनखा कशाचा मिळायचा? याच कामाचा. त्याची गलबतं मात्र झुंजली आमच्या किनाऱ्याशी.

वखारीचा_हिशेब: किनाऱ्यालगत सिद्दी भारी, मान्य. पण एव्हरीचं 'फॅन्सी' ४६ तोफांचं होतं. भर समुद्रात त्याला गलबतं कशी पुरणार?

खाडीकाठ: पोर्तुगीजांनी जहाजांना परवाने विकले तर तो कायदा, कान्होजी आंग्र्यांनी तशीच दस्तकं दिली की ते चाचे! यावर कोणी बोलेल का?

दर्यावर्दी: कान्होजींसाठी वेगळा धागा काढा हो, नाहीतर हा इथेच बुडेल. तनख्याचा विषय निघालाच आहे तर पुढचंही ऐका. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि आरमाराचा तोच तनखा आपल्याकडे वळवला. राखणदाराने आधी वाडा घेतला, मग पगारही वाड्याच्याच तिजोरीतून.

वखारीचा_हिशेब: ६४ वर्षांनी जे घडलं त्याचा जाब १६९५ च्या सुरतेला विचारताय. त्यांच्यापुढे पुढच्या मोसमाचे हाजी उभे होते. त्यांना कोणत्या जहाजाच्या सोबतीने धाडलं असतंत, तेवढं सांगा.