जुन्या डेस्कटॉपची जागा वाढवायची आहे: हार्ड डिस्क की एसएसडी?

तांबडीमाती (वेंगुर्ला):
मंडळी, घरचा डेस्कटॉप आय३-२१२० चा आहे. एच६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० (६४ बिट). सी ड्राइव्हमध्ये ९ जीबी उरलेत. डी ड्राइव्ह दशावताराच्या रेकॉर्डिंगनी आणि घरच्या फोटोंनी भरलाय. बोर्डावर साटाचे (डिस्क जोडायचे) चार पोर्ट, त्यातले दोन हार्ड डिस्क आणि डीव्हीडीने अडवलेत. दुसरी डिस्क बसेल का? किती टीबीपर्यंत चालेल? घर किनाऱ्याला लागून आहे, तेव्हा पावसाळ्याचाही विचार हवा.

खारावारा (रत्नागिरी):
बसेल. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी रेकॉर्डिंग आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. जुनी डिस्क अशा कामातच मान टाकते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) चालवून ०५, सी५ आणि सी६ या खराब जागांच्या ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) बघा. सी५ किंवा सी६ शून्य नसेल, किंवा ०५ वाढत असेल, तर त्या डिस्कवर भिस्त ठेवू नका.

माझं मत: विंडोजसाठी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आणि साठ्यासाठी २ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क. एच६१ चे स्वतःचे चारही पोर्ट साटा-२ चे, म्हणजे वेग सेकंदाला ३०० एमबीच्या आतच राहणार. त्यामुळे महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही, साधी साटाची पुरते. तरीही मशीन सुरू होण्याच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

२ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. घाबरू नका. ३-४ टीबीची घेतलीत तर 'इनिशियलाइझ' करताना (नवी डिस्क पहिल्यांदा तयार करताना) जीपीटी ही डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत निवडा. एमबीआर या जुन्या पद्धतीत साधारण २ टीबीच्या वरची जागा वापरताच येत नाही. ही डिस्क फक्त साठ्याची असल्यामुळे जुन्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) अडचण येत नाही.

माडबन (देवगड):
विंडोज एसएसडीवर हलवताना लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. ५०० जीबीच्या डिस्कची क्लोन (हुबेहूब नक्कल) ४८० जीबीच्या एसएसडीवर घ्यायला जातात आणि क्लोनझिला हा नक्कल करणारा प्रोग्राम नकार देतो, कारण नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. ५१२ ची घ्या, प्रश्नच मिटतो. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोघींची सही (डिस्कची ओळखखूण) एकच असते, त्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. बायोसमध्ये साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर तो घाईने नव्या एएचसीआयवर नेऊ नका, निळा स्क्रीन येईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करा, मग बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या आणि मग सेफ मोड काढा.

जोडणी: प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. साटा केबलच्या टोकाला एल आकाराची खाच असते, उलटी बसत नाही, जोर लावू नका. हार्ड डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, एसएसडीला बारीक. जाडा स्क्रू एसएसडीत पिळलात तर आटे गेलेच. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटा पॉवरचं टोक शिल्लक नसेल तर मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या टोकावरून) जोडणी घ्यावी लागते. त्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेली स्वस्त टोकं नकोत. आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेलं टोक बघून घ्या.

खारावारा:
पावसाळ्याचं राहिलं. खाऱ्या हवेने आधी जातात ती टोकं. तांब्यावर हिरवट थर किंवा पांढरी पूड दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलकेच फिरवला तरी चालतो, पण त्याचा भुगा स्लॉटात पडू देऊ नका. आषाढ-श्रावणात मशीन रोज अर्धा तास तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. हार्ड डिस्कच्या झाकणावरचं बारीक छिद्र मात्र कशानेही बुजवू नका, आतबाहेरचा दाब सारखा राहण्यासाठी ते असतं. विजा चमकायला लागल्या की पॉवरच्या प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा.

तांबडीमाती:
सगळं उतरवून घेतलं. ०५, सी५, सी६ शून्य आहेत. पण सी७ समोर डी४ दिसतंय. म्हणजे काय?

माडबन:
तो आकडा सोळाच्या पायाचा (हेक्साडेसिमल) आहे, डी४ म्हणजे २१२. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका, बहुतेकदा केबल किंवा टोकाच्या. केबल नवी टाका, पोर्ट पुसून घ्या. आकडा खाली येणार नाही, तो फक्त चढतो. आठवडाभर डी४ वरच थांबला तर डिस्क ठीक आहे, साठ्याला खुशाल वापरा.