म्हातारी घोडी: विकावी, द्यावी की ठेवावी?

जांबोटीकर:
दादा गेले त्याला आठ महिने झाले. मागं राहिली चांदणी, त्यांची कुमेत (तांबूस-तपकिरी) घोडी. वय सतरा-अठरा. एके काळी नंदगड-खानापूर भागातल्या वराती तिच्याशिवाय निघायच्या नाहीत. आता तीन वर्षं नुसती दावणीला. मी पुण्यात नोकरीला, आई एकटी, गुडघ्यांनी बेजार. लीद काढायला, खरारा करायला गडी ठेवलाय. तो चार दिवस येतो, तीन दिवस दांडी. आमच्याकडचा पाऊस ठाऊक आहेच. श्रावणात चिखलात उभी राहून तिचा पुढचा डावा खूर सडायला लागला होता.

एक दलाल म्हणतो, "अकलूजच्या बाजारात दहा वर्षांची म्हणून खपवतो." बेळगावातला एक वरातवाला निम्म्या भावात घ्यायला तयार आहे. मला वाटतं, चालती-फिरती आहे तोवर वरातवाल्याला द्यावी. कामाची सवय आहे, माणसांत राहील. मत सांगा, शिव्या घातल्या तरी चालतील.

नालबंदाचा नातू:
शिव्या नाही घालत, आधी तिचं तोंड उघडून बघा. वरच्या ओळीतल्या पटाशीच्या दातांपैकी अगदी कडेचा दात. त्यावर उभी तपकिरी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला दाताच्या टोकाला टेकते. वर्षभर इकडंतिकडं होईल, पण सात वर्षं लपत नाहीत. दलालाचं खोटं तुमच्या फायद्याचं आहे म्हणून गोड लागतंय. दहाची समजून घेणारा तिला दहाचीच कामं लावणार. लंगडली की पुढच्याला विकणार, तो त्याच्या पुढच्याला. तुम्ही पहिलं गिऱ्हाईक बघताय, मी चौथं बघतोय.
वरातवाल्याचंही तेच. बँडचा आवाज, फटाके, डांबरावर तीन-तीन तास उभं राहणं, तेही सडक्या खुरावर.

निपाणीचा तात्या:
बोलायला काय जातंय वो? हरभरा, हुलगे, कडबा, दीड-दोन महिन्याला नाल, वर गड्याचा पगार. हे सगळं तुम्ही देणार काय? आमच्या आजोबांचा टांगा होता. धंदा बसला तसा घोडा विकला आणि रिक्षाचा पहिला हप्ता भरला. त्या रिक्षावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. त्यात पाप कसलं? घोडं पाळतात ते कामाला. दावणीला बांधून नुसतं बघत बसायचं ही श्रीमंताची हौस. जांबोटीकर, द्या वरातवाल्याला आणि मोकळे व्हा.

नालबंदाचा नातू:
तात्या, तुमच्या आजोबांनी विकला तो चालता घोडा होता. ही अठराची, खूर गेलेली. फरक आहे की नाही?

निपाणीचा तात्या:
वय विचारून विकला नव्हता. घर चालवायचं होतं.

चिकोडीची सूनबाई:
आमच्या अंकलीला शितोळे सरकारांचा वाडा आहे. माउलींच्या पालखीचे अश्व तिथूनच पायी आळंदीला जातात. तिथं विचारून बघा ना, पुण्यकर्म होईल.

नालबंदाचा नातू:
ताई, ते मानाचे अश्व. घोड्यांचा वृद्धाश्रम नव्हे तो!

घाटवाला:
एवढा खल कशाला? भीमगडचं रान जवळच आहे. सोडून द्या, जगेल आपली आपण.

अथणीचा शेतकरी:
घाटवाले, दावणीला वाढलेली घोडी रानात जगत नाही, बिबट्याच्या तोंडी जाते. शिवाय पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

जांबोटीकर, माझ्याकडे दोन घोडी आहेत. म्हातारीला कडबा चावत नाही. चघळून चघळून बोळे करते आणि खाली टाकते. गव्हाणीखाली असे ओले बोळे दिसले की समजायचं, दाढा गेल्या. मग कोंडा आणि भरडा भिजवून द्यावा लागतो, नाहीतर पोटशूळ धरतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात अडकलं की जिवावर बेततं. हे वरातवाला करेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे पाऊस कमी, जमीन कोरडी, खुराला बरं पडेल. माझं म्हणणं, विकू नका आणि दानही करू नका. सांभाळायला द्या. मालकी तुमची, खर्च महिन्याच्या महिन्याला पाठवायचा, साध्या कागदावर लिहून. आणि दुखणं हाताबाहेर गेलं तर पशुवैद्याकडून कायमचं झोपवणारी सुई द्यायची, हेही त्याच कागदावर आत्ताच लिहायचं. मेल्यावरही ते औषध अंगात राहतं, म्हणून पुरायला खड्डा खोल हवा, नाहीतर कुत्री-गिधाडं मरतात.

चिकोडीची सूनबाई:
सुई? सतरा वर्षं दारात राहिलेल्या जिवाला? मला नाही पटत. देवानं द्यावं, देवानं न्यावं.

अथणीचा शेतकरी:
माझी पहिली घोडी देवाच्या भरवशावर ठेवली होती. चार दिवस पाय झाडत होती, ताई.

निपाणीचा तात्या:
महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवणारा मी अजून बघितला नाही. सहा महिने पाठवतील, मग फोनच उचलणार नाहीत. बिचाऱ्या अथणीवाल्याच्या गळ्यात घोडी.

जांबोटीकर:
तात्या, लागलं. पण खोटं नाही.
काल गड्याला व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड उघडायला लावलं. खाच टोकाला टेकायला नखभर उरलीय. म्हणजे एकोणीसची असणार. दादांनी आम्हालाही वय कमीच सांगितलं होतं की काय कोण जाणे. गव्हाणीखाली बोळेही आहेत; गडी म्हणाला, "ते रोजचंच आहे."
दलालाला नको म्हणून कळवलं. वरातवाल्याचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. अथणीकर, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, पुढच्या रविवारी येतो. एका वर्षाचे पैसे आधीच देईन, म्हणजे तात्यांचीही काळजी मिटेल. आईला अजून सांगितलेलं नाही.