मोटरचा भोंगा की इलेक्ट्रॉनिक?
धोक्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याचे (सायरनचे) मॉडेल केवळ आवाजावरून ओळखता येते, असे काहीजण म्हणतात; ते मत मला पटत नाही. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावाच्या वेळी आम्हा इंदूरकरांमध्येही हीच चर्चा झाली होती. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या भोंग्यात फिरणारे चक्र हवेचा झोत तोडून स्वर निर्माण करते, त्यामुळे वीज बंद केल्यावर तो सावकाश उतरत जातो. इलेक्ट्रॉनिक भोंगा मात्र हाच चढउतार अँप्लिफायरमधून बराचसा तसाच काढू शकतो. म्हणून आधी आकार पाहावा. एकावर एक रचलेल्या चपट्या, गोल तबकड्या दिसल्या, तर फेडरल सिग्नल या अमेरिकन कंपनीच्या मॉड्युलेटर या इलेक्ट्रॉनिक भोंग्यांच्या मालिकेचा विचार करावा आणि तबकड्या नीट मोजाव्यात, कारण ५०२० या क्रमांकात ५ तबकड्या व २० ड्रायव्हर (आवाज काढणारे स्पीकरचे भाग) अभिप्रेत असतात.